पिवळ्या चिकटपट्टीचं टोक

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि तो मी कधी लपवला नाही. लहानपणी आईने भाताचं भांडं उघडलं की मी भाताची पातळी बघून सांगायचे, भावाने मधल्या वेळेत किती चमचे हाणलेत ते. दहातून नऊ वेळा बरोबर निघायचे. दहाव्या वेळी भावाला उगाच रट्टे बसायचे, पण ते कुणी मोजत नसे.

त्यामुळे कोरियातल्या बुसानच्या आमच्या फिल्म-शाळेत दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विभाग निवडायची वेळ आली आणि सगळे मला एकाच दारातून आत ढकलू लागले, तेव्हा माझे कान टवकारले नसते तरच नवल. अर्ज शुक्रवारी पाचच्या आत द्यायचा होता. दिग्दर्शनाला सहा जागा. पाच भरल्या होत्या. सहावी माझी, नाहीतर मिरानची.

मिरान माझ्याहून एका वर्षाने मोठी. आमच्याकडे सहा महिन्यांनी मोठी असली तरी ताई म्हणावं लागतं, आणि मीही दोन वर्षं 'मिरानताई, मिरानताई' करत तिच्या मागे फिरले होते. त्या सोमवारी खानावळीत डुकराच्या रश्श्यात भात कालवता कालवता ती म्हणाली, "सोरा, तू कंटिन्युइटीला जा ना. तुझ्यासारखी नजर आहे कुणाला?"

कंटिन्युइटी म्हणजे प्रत्येक शॉटनंतर नटाचं कुठलं बटण उघडं होतं, कपात चहा कितपत होता, सिगारेट किती उरली होती हे टिपून ठेवायचं, पुढच्या शॉटला सगळं तंतोतंत जुळावं म्हणून. काम मानाचं आहे. पण ते काम करणाऱ्या बाईला सिनेमा आपला म्हणता येत नाही.

बुधवारी जिन्यात मा सर भेटले. आमचे विभागप्रमुख. तेही म्हणाले, "ओक सोरा, कंटिन्युइटीचा विचार कर. नजर आहे तुझी."

पुन्हा नजर! दोन तोंडं आणि शब्द एकच. त्याच दुपारी कार्यालयात शिरले, तर कारकून गू बाई शिपायाशी बोलत होत्या त्या मला पाहून एकदम गप्प झाल्या आणि कागद चाळू लागल्या. आता सांगा, माणसाने काय समजायचं?

शिवाय आधीचं एक प्रकरण होतंच. सात आठवड्यांपूर्वी मी यंगदो बेटाच्या खडकांवर माझी छोटी फिल्म चित्रित केली होती. सुन्दक आजींवर. सत्तर ओलांडलेल्या आजी अजून श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात आणि शिंपले, समुद्री काकड्या काढतात. त्यांच्या जोडीची बाई एक दिवस पाण्यातून वर आलीच नाही. ती गोष्ट आजींनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कॅमेऱ्यासमोर सांगितली. अकरा मिनिटं, एकही कट नाही. मला माहीत होतं की या अकरा मिनिटांवर मला दिग्दर्शनाची जागा मिळणार.

ती अकरा मिनिटं पुसली गेली. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांची पेटी मिरानकडे होती. पेटीच्या एका बाजूला लाल पिशवी, भरलेल्या कार्डांसाठी. दुसऱ्या बाजूला पांढरी, रिकाम्यांसाठी. तीन नंबरचं भरलेलं कार्ड पांढऱ्या पिशवीत सापडलं, मिरानने ते रिकामं समजून पुसलं आणि पुढच्या सीनला वापरलं. कळलं तेव्हा तिने सगळ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागितली. आजींच्या घरी नासपतीची पेटी घेऊन गेली. सरांनी तिला महिनाभर सामानखोलीत केबल गुंडाळायला बसवलं. सगळे म्हणाले, बिचारी. मी फक्त तिला 'ताई' म्हणायचं सोडलं.

आणि बघत राहिले. मिरान दर रविवारी किम्हेला मावशीकडे जाते म्हणायची, आणि सोमवारी तिच्या बुटांवर मिठाची पांढरी रेघ असायची. एकदा तर तळव्याला शिंपल्याची कपची चिकटलेली. किम्हेत मावशी असेल, पण खडकाळ किनारा कुठला? मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही यंगदोला जातेय. आजींकडे. माझा सीन पुसला आणि आता तोच स्वतः चित्रित करतेय! मला कंटिन्युइटीला का पाठवायचं होतं तेही कळलं.

पुरावा माझ्याकडेच होता. मा सरांचा एक हट्ट आहे. नोंदीचे फोटो फोनवर काढायचे नाहीत, लगेच कागद बाहेर पडणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यावर काढायचे आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर पेनाने सीनचा नंबर लिहायचा. माझ्या फिल्मला नोंदीसाठी वेगळं माणूस नव्हतं, म्हणून ते फोटो मीच काढले होते. गुरुवारी मी ते अल्बममधून काढले आणि भिंग घेऊन बसले. तीन नंबरच्या कार्डाला मी पिवळी चिकटपट्टी लावली होती आणि तिचं टोक पिशवीबाहेर लोंबायचं. सीन सातचा, म्हणजे त्या अकरा मिनिटांचा फोटो घेतला, तर आजींच्या मागे पेटी आणि पिवळं टोक लाल पिशवीतून बाहेर आलेलं. म्हणजे कार्ड भरलेलं, जागच्या जागी. मग सीन नऊचा फोटो. पिवळं टोक पांढऱ्या पिशवीत! सात आणि नऊच्या मध्ये कुणीतरी ते हलवलं होतं, आणि पेटीला मिरानशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम होता.

शुक्रवारी अडीच वाजता मी मा सरांच्या टेबलावर दोन्ही फोटो ठेवले. सगळं सांगितलं. बुटांचंसुद्धा.

सर जवाचा चहा पीत होते. पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुझं म्हणणं, हिने मुद्दाम केलं?"

"हो."

"हे खरं ठरलं तर तिची नुसती दिग्दर्शनाची जागा जाणार नाही. शाळेतूनच काढावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

त्यांनी भिंग घेतलं. पण पेटीकडे बघितलंच नाही. फोटोच्या कोपऱ्यात बघत बसले. बराच वेळ बसले. मला वाटलं, वय झालं यांचं.

"हा मागचा खडक कुठला गं? बदकासारखा?"

"बदकखडकच म्हणतात, सर."

"नऊमध्ये हा पायापर्यंत उघडा आहे. शेवाळसुद्धा दिसतंय. आणि सातमध्ये?"

मी वाकून पाहिलं. सातमध्ये पाण्याबाहेर फक्त बदकाचं डोकं होतं.

"त्या दिवशी ओहोटी कधी होती?"

"सकाळी," मी म्हणाले.

सीन नऊ आम्ही सकाळी आठला घेतला होता. लांबच्या खडकावरचा शेवटचा सीन, तिथे ओहोटीशिवाय जाता येत नाही म्हणून सर्वांत आधी घेतला. तेव्हा तीन नंबरचं कार्ड रिकामंच होतं. ते पांढऱ्या पिशवीतच असायला हवं होतं. सात घेतला दुपारी, भरती चढताना. तेव्हा कार्ड भरून लाल पिशवीत गेलं. दोन्ही फोटोंत सगळं अगदी जिथल्या तिथे होतं.

"सिनेमा उलटसुलट चित्रित होतो, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवतो मी," सर म्हणाले. "झोपली होतीस काय?"

मी झोपले नव्हते. सात आठवडे मी तीच फिल्म संकलनाच्या टेबलावर बघत होते, सातच्या रिकाम्या जागेनंतर आठ, आठनंतर नऊ, शंभर वेळा. शेवटी माझ्या डोक्यात तो दिवसही त्याच क्रमाने घडला होता. आणि खरं सांगायचं तर, तो तसाच घडलेला मला हवा होता.

"सातनंतर काय घेतलंत?"

"सीन दोन. धक्क्याच्या पायऱ्यांवरचा."

"त्याचा फोटो?"

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, अल्बममध्ये होता. मी तो बघितलाच नव्हता, कारण माझ्या हिशेबी दोन हा सातच्या आधी येत होता. सरांनी तो माझ्यापुढे सरकवला. पेटी आता खडकावर नव्हती, वर धक्क्याच्या भिंतीवर होती. लाल पिशवी डावीकडे असायची, ती उजवीकडे लटकत होती. आणि मिरान खाली पायऱ्यांवर, आजींच्या दंडाला धरून उभी होती, त्यांचा ओला पोशाख सावरत.

"पेटी वर कुणी नेली?" सरांनी विचारलं.

मला सगळं आठवलं. आजींचं बोलणं संपलं होतं आणि एक लाट पेटीजवळ आली होती. मिरान आजींना उतरायला मदत करत होती. मी पेटी उचलून धावले, पाय घसरला, पिशव्या निसटून पडल्या, दोन-तीन कार्डं ओल्या दगडावर पसरली. मी ती गोळा करून कोंबली. अकरा मिनिटांच्या आनंदात होते. कुठलं कुठे गेलं ते पाहिलं नाही. मी, जिच्या नजरेचं एवढं कौतुक.

"मी," मी म्हणाले.

सरांनी मला ओरडायला हवं होतं. त्यांनी नुसते फोटो गोळा करून माझ्या हातात दिले. "मला कशाला सांगतेस? सामानखोलीत जा. आणि पाचच्या आत अर्ज दे. कुठलाही दे."

सामानखोलीत मिरान जमिनीवर बसून केबल गुंडाळत होती. शिक्षा कधीच संपली होती, तरी ती तिथे बसायची.

"पेटी मी उचलली होती," मी दारातूनच म्हणाले. "कार्डं मी कोंबली."

तिने वर पाहिलं नाही. "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. पिशव्या उलट्या लटकत होत्या. पेटीला माझ्याशिवाय हात लावणारी तूच तेवढी अगोचर."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पुसण्याआधी कार्ड एकदा लावून बघायचं असतं. मी घाईत पाहिलं नाही. पेटी माझी, चूक माझी. तुझ्या नावाने खडे फोडून काय मिळणार होतं?" मग तिचा आवाज चढला. "पण नंतर सांगायला आले होते तुला. दोनदा आले. दोन्ही वेळा तू माझ्या बुटांकडे बघत होतीस. तोंडाकडे बघितलंच नाहीस. म्हटलं, मरू दे."

मला खाली बसावंसं वाटलं. बसले.

"रविवारी तू आजींकडे..."

"जात होते ना. मावशीची थाप मारली, कारण तुला कळलं असतं तर तिथेही फोटो काढत आली असतीस. सहा रविवार विनवण्या केल्या म्हातारीच्या. म्हटलं, माझ्या हातून गेलंय, पुन्हा एकदा सांगा. ऐकतच नाही. म्हणते, गोष्ट जिला हवी ती पोरगी कुठाय? दर खेपेला ही दुसरीच येते."

"आणि मला कंटिन्युइटीला जा का म्हणालीस?"

"कारण तुला ते येतं, बाई! सरांनी विचारलं तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. सहावी जागा मला नको होती असं नाही. पण तेवढ्यासाठी तुला फसवेन?"

मी नाही म्हणून मान हलवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. सरांकडे कशासाठी गेले होते, तेही मी तिला सांगितलं. शाळेतून काढायचं, हेही. तिने हातातली केबल खुंटीला टांगली. मग म्हणाली, "जा आता. पाच वाजतील."

पाचला दहा मिनिटं असताना मी गू बाईंच्या खिडकीशी अर्ज भरला. कंटिन्युइटी लिहिलं. मला कुणी त्यागमूर्ती समजू नये. जिला दोन वर्षांच्या मैत्रिणीत फक्त पुरावा दिसतो, तिच्या हाती नट आणि माणसं देऊ नयेत, एवढंच मला कळलं होतं. कपबश्या आणि बटणं चालतील. त्यांना वाईट वाटत नाही.

गू बाईंनी अर्ज घेतला. मी विचारलं, "त्या दिवशी मला बघून गप्प का झालात?"

"तू आलीस की मी गप्पच बसते. मागे माझ्या पापण्यांची शस्त्रक्रिया झाली, ते तूच ओळखून सगळ्या वर्गाला सांगितलंस ना? आता नवऱ्याच्या केसांचंही सांगशील."

नवऱ्याच्या केसांचं मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही, ते मात्र बरं केलं.

रविवारी मी एकटीच यंगदोला गेले. आजी खडकावर बसून जाळी साफ करत होत्या. मला पाहून त्यांनी मान वळवली.

"आलीस व्हय? काय पायजेल?"

"आजी, त्या दिवशीचं सगळं माझ्यामुळे पुसलं गेलं. मिरानताईमुळे नाही."

"पुसलं तर पुसलं. त्या दिशी बी तू इचारलं न्हवतंस. कॅमेरा लावलास आन म्हणलीस, बोला. मी आपली बोलले." त्यांनी जाळीतलं शेवाळ ओढून काढलं. "आज काय आणलंयस?"

"काही नाही."

"मग बस. वलं हाय, पण बस."

मी बसले. त्यांच्या हातमोज्याला नवीन ठिगळ होतं, बुडीसाठी कमरेला बांधायच्या शिशाच्या वजनांतलं एक कमी होतं, डाव्या पायाला खरचटलं होतं. सगळं दिसलं. दिसायचं थोडंच थांबतं. मी विचारलं, "तुमच्या जोडीदारणीचं नाव काय होतं?"

त्यांनी नाव सांगितलं. त्या अकरा मिनिटांत ते एकदाही आलं नव्हतं.

भरती चढली, माझे पाय घोट्यापर्यंत भिजले, तरी आम्ही बसलो होतो. सोमवारी सामानखोलीत गेले, तर मिरानताईने माझ्या बुटांवरची पांढरी रेघ पाहिली. केबल बाजूला ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "कुठे गेली होतीस?"

मी सांगितलं.