बिनवासाचा गॅस

भाऊराव तायडे वरवट बकालच्या स्टँडवर तीस वर्षांपासून फ्रिज दुरुस्त करत होते, आणि तीस वर्षांत गॅसनं आपलं काही वाकडं केलं नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. जुना गॅस होताच तसा गरीब. गळला तरी पेटत नसे. भाऊराव बिडी ओढत ओढत नळीतला गॅस हवेत सोडत. नव्या फ्रीजरांत आला तो मात्र जळणारा गॅस. लेक समता आयटीआय करून दुकानात बसायला लागल्यापासून हेच सांगत होती. याला घरच्या सिलिंडरसारखा वास नसतो, हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचून राहतो, आणि एक ठिणगी त्याला पुरते. भाऊरावांनी बिडी तेवढी बंद केली. बाकीचं पोरीचं पुस्तकी ज्ञान म्हणून सोडून दिलं.

मे महिन्यातल्या त्या दिवशी बापलेक पंजाबरावांच्या मळ्यात आले होते. पंजाबरावांचा दुधाचा धंदा. त्यांचा डीप फ्रीजर बंद पडला होता. तो ओसरीतून काढून लिंबाखाली उघड्यावर घ्यायला समतानंच लावलं. गॅसची पाच किलोची टाकी गाडीवर उन्हानं चटका बसेल इतकी तापली होती. ती उन्हात राहू नये हे भाऊरावांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी ती उचलून विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत नेली. खोली तीन पायऱ्या खोल, बिनखिडकीची आणि थंडगार. समता म्हणाली, बंद खोलीत नको, झाडाखाली मोकळ्यावर उभी ठेवू. तुझ्या जन्माआधीपासून टाक्या सांभाळतोय, असं तिला सुनावून भाऊरावांनी टाकी आडवी टेकवली आणि दार ओढून घेतलं.

दोन तास काम चाललं. फुटलेल्या पाइपाला जोड बसला, आता फक्त गॅस भरायचा होता. पावणेएकला त्यांनी समताला टाकी आणायला पाठवलं आणि स्वतः चहाचा कप हातात घेतला.

पंजाबराव निवांत होते. एकला शेतीची लाईट येईल, केळीला पाणी सुटेल, आपल्याला उठायचंही काम नाही, असं ते सांगत होते. मोटारीला त्यांनी ऑटो लावला होता. इकडे बहुतेक जण लावतात. लाईट आली की स्टार्टर आपोआप खटका ओढतो आणि मोटार चालू होते.

भाऊरावांचा कप हातातच राहिला. तो स्टार्टर त्यांनी पाहिला होता. भिंत खचल्यापासून खाली विटांवर ठेवलेला, टाकीपासून हातभर अंतरावर. आणि टाकी टेकवताना बारीक फुसफुस ऐकू आली होती. पाइपातली हवा असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. टाकीचा वॉल्व्ह ते कधीच पूर्ण आवळत नसत. पूर्ण आवळला की आटे मरतात, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण. सकाळी एका ठिकाणी गॅस भरून झाल्यावरही त्यांनी तो तसाच किंचित सैल ठेवला होता.

दोन तास. बंद खोली. आणि आत समता.

फोन करावा तर तिचा फोन समोर फ्रीजरवर पडलेला. गॅसजवळ फोन न्यायचा नाही म्हणून ती ठेवून गेली होती. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरून लाईट तोडावी तर डीपी दोन शेतं पलीकडे. भाऊराव पळत सुटले. एक चप्पल ढेकळांत राहिली, छाती भात्यासारखी चालायला लागली. साठीला आलेला माणूस असा पळताना पाहून पंजाबरावांना आधी हसूच आलं.

दार उघडं होतं. समता खाली गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वॉल्व्ह फिरवत होती. सुटणाऱ्या गार गॅसनं वॉल्व्हवर बर्फ धरला होता.

"समता, बाहेर ये."

"चाक जाम झालं, बाबा. थोडंसं राह्यलं."

"राहू दे. मोटारीले ऑटो आहे. लाईट येऊन राह्यली."

तिनं विटांवरच्या स्टार्टरकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. उठायचं तिला सुचेना. भाऊराव पायऱ्या उतरून आत गेले. मेन स्विच खाली ओढावा असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण हात लावायला आणि लाईट यायला एकच गाठ पडली तर ती ठिणगी आपल्याच हातची असेल, या विचारानं हात पुढे होईना. इतके ते आयुष्यात कधी घाबरले नव्हते. त्यांनी समताचा हात धरला आणि तिला अक्षरशः ओढत वर आणलं. विहिरीच्या कठड्यामागं जाईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

एरवी तासतासभर वाट पाहायला लावणारी लाईट त्या दिवशी तीन मिनिटं आधी आली.

खटका ऐकू आलाच नाही. एकदम मोठा धक्का बसला, दार शेतात जाऊन पडलं आणि छपराचे पत्रे वर उडाले. भाऊराव समताच्या अंगावर पालथे पडून राहिले. वरून मातीची ढेकळं आणि विटांचे तुकडे पडत होते.

मग सगळं शांत झालं, फारच शांत. पंजाबराव हातवारे करत येताना दिसले, पण त्यांचा आवाज येत नव्हता. लागलं का, कुठं लागलं, असं भाऊराव समताला विचारत होते आणि त्यांना स्वतःचंही बोलणं ऐकू येत नव्हतं. ती डोळे मिटून पडली होती. तिचे ओठ हलत होते, पुन्हा पुन्हा तेच. श्वास घेता येत नाही म्हणते की काय, या भीतीनं त्यांनी तिचा हात आणखी घट्ट धरला. तिचे ओठ जोरजोरात हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. भाऊरावांनी कान तिच्या तोंडाला लावला.

फार लांबून आल्यासारखा तिचा आवाज आला.

"हात सोडा, बाबा. कधीची सांगून राह्यली मी."

त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या मुठीत तिची बोटं होती, टाकीतल्या थंड गॅसनं गोठून मेणासारखी पांढरी पडलेली.

भाऊरावांनी मूठ उघडली.