गप्प बसायची नोकरी

शिवांजलीचं कशात म्हणून मन रमत नाही, ही तिच्या आईची, रंगूबाईंची, जुनी तक्रार. पोरीनं चित्रपटाचं संकलन शिकून घेतलं, मालिका केल्या, जाहिराती केल्या, आणि आता सांगलीच्या एका कंपनीत भलतंच काहीतरी. लोकांच्या हातात मोबाइलवरचं नवं ॲप द्यायचं, ते कुठं अडखळतात त्याचं चित्रीकरण करायचं आणि इंजिनिअरांना ते दुरुस्त करायला लावायचं. समोरचा अडला तरी आपण सांगायचं नाही, हा पहिला नियम.

यावेळचं ॲप हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांसाठी होतं. चाचणीला येणारे एक गृहस्थ ऐन वेळी फिरकले नाहीत. मलकापुरात घरी ती चिडचिड करत होती, तेव्हा तिचे वडील, आबा, म्हणाले, "मी हाय की. माझं बी झालंय आपरेशन."

आबा म्हणजे लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. इस्त्रीचा शर्ट घालून ते कॅमेऱ्यासमोर बसले.

"आबा, छातीत दुखतंय असं समजा. दवाखान्याला कळवा."

ॲपनं पासवर्ड मागितला, मग मेसेजमधला नंबर. तो बघायला गेले की पान बंद व्हायचं. पुन्हा पहिल्यापासून. आबा चष्मा शोधायला लागले, बोट भलतीकडंच पडलं.

"आता गं?"

"तुम्हाला काय वाटतं, कुठं दाबावं?" कंपनीत शिकवलेलं वाक्य तिनं म्हटलं.

आबांनी फोन खाली ठेवला. "तुला ठावं हाय न्हवं?"

"हो."

"आन् तरी गप बसलीस."

ते उठून उसाकडं चालू लागले.

कंपनीत ऋषिराज तिचा साहेब. त्याचा निरोप आला, "छोटी क्लिप कर. जरा गंमतशीर." चष्मा शोधणारे आबा, चुकलेलं बोट, दोन कट मारले की अख्खी खोली हसेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! ती संगणकाशी बसली, उठली, परत बसली. शेवटी बांधावर गेली.

"आबा, ते दाखवू का? नको म्हणालात तर पुसून टाकते."

त्यांनी पाटाचं पाणी पुढच्या सरीत वळवलं. "दाखीव. पर कापू नगंस. मी किती येळ बसलो ते दिसू दे त्यास्नी."

बैठकीत सुरुवातीला कुणीतरी हसलं. मग हसू विरलं.

"पुढं घे ना," ऋषिराज म्हणाला.

"नाही."

फोन खाली ठेवेपर्यंत सगळ्यांनी बघितलं. पासवर्ड काढायचं ठरलं, ॲप लांबणीवर पडलं. "तू सिनेमाच करायला हवा होतास," ऋषिराज जाताना म्हणाला. हे कौतुक की नारळ, याचा तिला उलगडा होईना.

नवं पान घेऊन ती घरी आली, पण आबांनी हात लावला नाही. "दगडाबाईला दे. तिचं बी झालंय."

शेजारच्या दगडाबाई बसल्या. दुसऱ्या पानावर बोट घुटमळलं, तसा दारातून आवाज आला, "आवं वैनी, खाली! खाली!"

"आबा, गप्प!"

ते ओशाळून लेकीशेजारी येऊन बसले. खालचा ओठ दाताखाली धरून दगडाबाईंच्या बोटाकडं बघत राहिले. "लय अवघड हाय गं हे," ते पुटपुटले.

फोनची घंटी वाजली, दवाखान्यातून "हॅलो" आलं, दगडाबाई हरखल्या. शिवांजलीनं त्यांचे आभार मानले खरे, पण त्या दुसऱ्या पानावर का थबकल्या, हे तिच्या डोक्यातून जाईना.