सावलीतले खासदार

एकाहत्तर सालची मध्यावधी निवडणूक जाहीर झाली, तेव्हा पक्षाच्या पारनेर तालुका समितीने पहिले काम केले ते हारांची चौकशी करण्याचे. उमेदवाराचे नाव मुंबईहून तारेने येई. ते ज्याचे कुणाचे असेल त्याच्या गळ्यात हार घालणे, एवढाच समितीचा अधिकार होता.

समितीचे चिटणीस दानीएल मास्तर यांना हे नामंजूर होते. विद्यमान खासदार काकासाहेब मतदारसंघात फक्त लग्नांना येत, आणि मुहूर्त चुकला तरी पंगत चुकवीत नसत. "ज्यानं निवडला त्याला काढताही आला पाहिजे," असे मास्तर वर्षभर सर्वांना ऐकवीत होते. अखेर वरिष्ठ कंटाळले. पारनेरात सभासदांनी उमेदवार निवडून दाखवावा. निकाल स्पष्ट लागला तर मान्य, गोंधळ झाला तर तार आहेच, असे ठरले.

काकासाहेबांसमोर उभ्या राहिल्या छबूबाई. दुष्काळी कामावरच्या बायांची मजुरी कापणाऱ्या मुकादमाला त्यांनी खडीच्या ढिगावर बसवून ठेवले होते. ज्याला जो हवा त्याने त्याच्या मागे उभे राहायचे, ही पद्धत काकासाहेबांनी सुचवली. "माझ्यामागं कोण आहे ते मला दिसू द्या की!" मास्तरांना त्यात फक्त सरळ रांगा दिसल्या, आणि सरळ रांगा ही त्यांची जुनी दुर्बलता होती.

जानेवारीतली कडाक्याची सकाळ. शाळेच्या पटांगणात एकच लिंब, पलीकडे ऑफिसची भिंत, तिच्यावर कोवळे ऊन. लिंबाच्या गार सावलीत मानाची खुर्ची टाकून काकासाहेब बसले. छबूबाई उघड्यावर उन्हात उभ्या राहिल्या. शिट्टी वाजताच घोंगड्या पांघरलेले सभासद उठले आणि थेट उन्हात गेले. खुर्चीमागे काकासाहेबांचा ड्रायव्हर तेवढा कुडकुडत उरला.

"लोक थंडीनं गारठलेत, त्यांना विचार कुठला सुचतोय?" काकासाहेब म्हणाले. "माझं भाषण होऊ द्या, मग पुन्हा मोजा."

भाषण दुपारपर्यंत चालले. ऊन चटकू लागले. दुसरी शिट्टी झाली आणि तेच सभासद झपाझप लिंबाखाली आले.

मास्तरांनी वर पाहिले. पक्षाची लोकशाही सूर्य चालवीत होता! वरिष्ठांना हे कळले की तार ठरलेलीच. त्यांनी छबूबाईंनाही सावलीत बोलावले. बुंध्याच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला काकासाहेब. "आता ऊन-सावली सारखी. निवडा."

कोणीच हलेना. काकासाहेब एकेका चेहऱ्याकडे सावकाश पाहत होते. ज्यांचा ऊस काकासाहेबांच्या भावाच्या कारखान्याला जात होता, त्यांना एकाएकी जमिनीवरच्या मुंग्यांत रस वाटू लागला.

मास्तर म्हाताऱ्या सहादेवाजवळ गेले. "अहो, सकाळी तर धावत गेलात! आता काय पाय रोवले?"

सहादेव मिशीतल्या मिशीत पुटपुटला, "मास्तर, तुमी लई शिकलेले, पन येडे. सकाळी कोनी इचारलं असतं तर सांगाया ऊन हुतं. आता काय सांगू?"

"म्हणजे सकाळी तुम्ही थंडीमुळे—"

"थंडी हुतीच की. पन हापिसाच्या भिताडालाबी ऊन हुतं. तिथं कोन गेल्तं का?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आयुष्यात प्रथमच त्यांनी एक वाकडी रांग मनात आखली आणि खणखणीत आवाजात जाहीर केले, "एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटची मोजणी उद्या सकाळी आठ वाजता. ती अंतिम. उमेदवारांनी आपापली जागा आत्ताच सांगावी."

"मी होते तिथंच, उघड्यावर," छबूबाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी रुमालाने मान टिपली, लिंबाकडे कृतज्ञतेने पाहिले. "माझी खुर्ची इथून हलवू नका, मास्तर. मला ऊन बाधतं."

"जशी आपली आज्ञा," मास्तर म्हणाले.

मागून सहादेव मोठ्याने खाकरला. "घोंगड्या आना रं समद्यांनी! उद्या लई थंडी हाय म्हनत्यात."