करप्याचं बियाणं

लेकाचं, हौशीरामाचं वागणं कस्तुराबाईला आधीही फारसं पटत नव्हतं, पण त्यानं नवशाला बांधावरूनच परत पाठवलं ते तिच्या जिव्हारी लागलं.

नवशा पलीकडच्या ठाकरवाडीतला. भाताची झोडणी उरकली की दरवर्षी यायचा, बावीसच्या बावीस आंब्यांवर चढून वाळक्या काड्या कोयत्यानं छाटायचा आणि खालच्या पालापाचोळ्यासकट जाळून टाकायचा. ही रीत सासऱ्याच्या काळापासूनची. ती हौशीरामानं एका दमात मोडली. आता पावडर आलीय, काड्या छाटायला माणूस कशाला, म्हणाला. भाकरीचंसुद्धा विचारलं नाही गड्याला.

चौऱ्याहत्तर साल होतं. पावडर तळेगावहून आली. पाण्यात कालवायची आणि पाठीवरच्या पंपानं मोहोरावर मारायची. आंदर मावळात धुकं उतरलं की मोहोरावर करपा यायचाच. काळे ठिपके पडायचे, निम्मा मोहोर गळायचा. त्या साली ठिपका औषधालाही दिसला नाही. शेपू म्हणायच्या त्या आंब्याच्या झाडाला एवढे आंबे लागले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. खरं सांगायचं तर कस्तुराबाईनंही मिरवून घेतलं. दारात येईल त्या बाईच्या हातावर फोड ठेवली आणि पोराचं कौतुक सांगितलं. नवशाचं नाव तिच्याही तोंडून गेलं.

दुसरं सालही असंच गेलं. तिसऱ्या साली कुठं कुठं ठिपका दिसला, तेव्हा हौशीरामानं दोनाच्या चार फवारण्या केल्या. चौथ्या साली आठ. पावडर तीच, पंप तोच. पण मोहोर उकळतं पाणी ओतल्यासारखा काळा पडला आणि कोवळ्या फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या. पावडरीत भेसळ आहे म्हणून हौशीराम दुकानदाराशी भांडून आला. मग पुण्याच्या शेती कॉलेजातला एक माणूस येऊन काड्या घेऊन गेला. सोबत वर रानातल्या आंब्याचीही काडी नेली. तिथं पावडर कधी पोचली नव्हती.

महिन्यानं हौशीराम पुण्याहून आला तो ओट्यावर बसूनच राहिला. पावडर अस्सल होती. त्या माणसानं काचेच्या बशांत पावडर कालवून त्यात करप्याची बुरशी लावली होती. रानातली मेली. यांच्या आंब्यावरची मात्र बशी भरून पसरली, जशी काही दुधावर साय. तो म्हणाला होता, की लाखात एखादी बुरशी जन्मतःच जरा वेगळ्या घडणीची निघते. पावडर जिथं धरते तिथंच तिची घडण बदललेली, म्हणून पावडरीला ती धरता येत नाही. बाकीच्या मरतात, ही उरते, आणि तिची पोरंबाळं तिच्यावरच जातात.

कस्तुराबाईनं विचारलं, पावडर बंद केली तर जुनी बुरशी परत येईल का? हौशीरामानं नाही म्हणून मान हलवली. ही काही जुनीपेक्षा दुबळी नाही, ती कशाला जागा सोडेल? नवी कलमं लावली तरी त्यांच्यावर हीच बसणार.

कस्तुराबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण हे तिला कुणी समजवायची गरज नव्हती. भाताचं बी राखण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. ज्या साली आंबेमोहोर भातावर करपा पडून खाचरंच्या खाचरं बसली, त्या साली ती चिखलात हिंडून उभ्या राहिलेल्या तेवढ्याच लोंब्या खुडून आणत होती. पुढं निम्म्या गावानं तेच बी पेरलं. पडेल ते सोडायचं, उभं राहील ते राखायचं. हौशीराम तेव्हा पाटी धरून तिच्या मागनं फिरला होता.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः ठाकरवाडीत गेली. अर्ज-विनंती तिच्या तोंडाला ठाऊक नव्हती. दारात उभं राहून एवढंच म्हणाली, की कोयता घेऊन चल. नवशा कोयता घेऊन आला. शेपूवर चढला, एक फांदी छाटली, मग दुसरी. मग नुसताच बसून राहिला आणि खाली उतरला.

"मावशी," तो म्हणाला, "वाळलेलं कुटं सरतंय तेच गावंना. छाटाया लागलो तर खोडच हातात यील."

तिनं त्याला ओट्यावर बसवलं, भाकरी वाढली. चार सालांची राहिलेली ती भाकरी. झाडाखाली हौशीराम पंपाचा पट्टा हातात गुंडाळत उभा होता. दुसरी एक पावडर निघालीय म्हणतात, असं काहीसं पुटपुटत होता.

कस्तुराबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"हौशा, तू करपा मारला न्हाईस. चार सालं दुबळं तेवढं मारलंस आन् तगलं ते राखलंस. त्याचं बियाणं केलंस तू. माझ्याच हाताखाली शिकलास, आन् माझ्यापरीस चांगलं राखलंस."