डोंबिवलीचा श्वास

फोनवर भाऊ नुसते हूं हूं करत, म्हणून लेहला सासरी असलेल्या, त्यांच्याच घरी वाढलेल्या पुतणीनं, उत्तरानं, पत्र लिहिलं होतं. महिना झाला, भाऊंचा जबाब गेला नव्हता. "काका, हे लडाखी, विरळ हवेत जगण्याचं जनुक ह्यांना नामशेष आदिमानवांकडून मिळालंय. बाळालाही मिळेल. मग बाळंतपणाला डोंबिवलीला कशाला येऊ?"

भाऊंनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेलं. तरी आपला सल्ला चुकला तर?

डोंबिवलीतल्या घराच्या खिडकीशी त्यांचा डोळा लागला. स्वप्नात नामशेष झालेल्या त्या माणसांतली एक बाई बर्फ चढत होती, पोटातल्या जिवाला आपला श्वास वाटून देत.

"अहो, पोरीनं प्रबंध नाही मागितला," नीरजाकाकूंनी हलवलं. "ये म्हणा, नाहीतर नको म्हणा!"

भाऊंनी लिहिलं, "जनुक मिळेलही. पण जन्मापर्यंत बाळ तुझ्याच श्वासावर जगणार, आणि तुझा श्वास डोंबिवलीचा. माहेरी ये."

पुन्हा न वाचताच त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.