दोनशे चौदा नंबरचा सभासद

अब्बांच्या चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी अम्मी भाकरी थापताना मध्येच थांबली. "सबीना, उनकी सूरत याद नै आती," म्हणाली. आवाज ऐकू येतो, खोकला ऐकू येतो, दारात चप्पल काढतानाची खरखरसुद्धा ऐकू येते. पण चेहरा आठवायला गेलं की नुसती टोपी आणि दाढी उरते, आणि तेवढी तर कुणाचीही असते.

घरात अब्बांचा एकही फोटो नव्हता. ते काढूनच घेत नसत. लोकांना वाटे धर्माचं कारण असेल. ते स्वतः नाकाचं कारण सांगत. मतदार ओळखपत्रावर एक होता, पण तो इतका काळा उठला होता की मतदान केंद्रावरचा माणूस दर वेळी ओळखपत्र बघून अब्बांकडे बघे आणि मग सुस्कारा सोडून यादीकडे वळे. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एका पानावर आहेत. बिर्याणीच्या पातेल्यात वाकलेले, पाठमोरे.

मग मला दूध संस्था आठवली. तीन वर्षांपूर्वी, २००३ साली, न्हावऱ्यातल्या आमच्या संस्थेत कॉम्प्युटर आला तेव्हा प्रत्येक सभासदाचा फोटो सक्तीचा केला होता. अब्बांच्या दोन म्हशी होत्या आणि पासबुकावर सभासद क्रमांक होता, दोनशे चौदा. मी दौंडच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. रजेचा एक दिवस शिल्लक होता. सकाळी दहाला संस्थेत गेले.

कॉम्प्युटर चांगदेवमामांच्या ताब्यात होता. वीस वर्षं त्यांनी दुधाचं फॅट तपासलं. नंतर कॉम्प्युटरला हात लावायला कुणी धजेना म्हणून तोही त्यांच्याकडेच आला.

"फोटो हाय ना. शंभर टक्के हाय," ते म्हणाले. "पर तीनच्या आत बघावा लागंल. तीन वाजता शिरूरवरनं नव्या कंपनीचा माणूस येतोय. त्यांच्यात तिकिटाएवढाच फोटो चालतो म्हणं. मधला तुकडा ठिवणार, चारी कडा छाटणार आन् जुनं समदं पुसून टाकणार."

"मूळचे कागदावरचे फोटो?"

"कपाटात व्हते. वाळवीनं खाल्ले."

"पण कॉम्प्युटरात एवढे मोठे फोटो कशाला ठेवले, मामा?"

"स्कॅनरवाल्यानं इचारलं व्हतं, कंप्रेस करू का. म्हटलं, म्हंजी काय? म्हणला, फोटो तोच राहतो, आतलं थोडं काढून घेतो, कुणाला कळत न्हाई." मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हटलं, बाबा, आतलं काढून घेतलेलं मी ह्या संस्थेत वीस वर्षं पकडतोय. साय काढायची न्हाई. जसं हाय तसं घाल."

संस्थेच्या रोजच्या प्रोग्रामात नाव, लिटर आणि फॅट एवढंच दिसे. फोटो बघायचे तर मागचा डेटाबेस उघडावा लागे. तिथे सभासदांचा तक्ता उघडला की तो पहिल्या नंबरपासून एकेक ओळ आणायला लागायचा, फोटोसकट. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथेच बसलं. मी माउसकडे हात नेला.

"हात नगा लावू," मामा म्हणाले. "हिला घाई केली की पान्हा चोरती." आणि त्यांनी खरोखरच कॉम्प्युटरच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

थोड्या वेळाने पहिलं चित्र यायला लागलं, आणि तेही खालून वर. आधी जमीन, मग पायताणं, मग धोतराचा काठ, दोन-दोन बोटं एका वेळी. दूध घालून घरी न जाता कॅनवर टेकलेले म्हस्कूआप्पा पुढे सरकले. गावातलं प्रत्येक पायताण त्यांच्या ओळखीचं होतं.

"हे चेअरमन, बापूसाहेब," ते म्हणाले. "वहाण बघा, करकरीत. जल्मात शेणात पाय पडलेला न्हाई."

तीन मिनिटांनी बापूसाहेबांचा फेटा आला. पाऊण तासात आम्ही पंधरा सभासद पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. दोघांच्या चपला एकाच मापाच्या, एकाच ठिकाणी शिवलेल्या निघाल्या आणि आप्पांनी त्यावरून एक जुनी चोरीही उघडकीला आणली. मी मनात गणित केलं. या चालीने अब्बा रात्री नऊला आले असते.

"मामा," मी म्हटलं, "मला एक पुस्तक हवं असलं तर मी पहिल्या कपाटापासून सगळी पुस्तकं टेबलावर आणत नाही. नंबर सांगून तेवढंच मागवते. इथे तसं मागता येत नाही का?"

"येतं की."

"मग?"

"चेअरमनला डावलून डायरेक दोनशे चौदा?" मामांनी आवाज खाली आणला. "बरं दिसतं का ते?"

"चेअरमन बघून झालं की, चांगदेवा," म्हस्कूआप्पा म्हणाले. "आता कुणाची भीड धरतोस?"

मामांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधत अट लिहिली. सभासद क्रमांक दोनशे चौदा. घड्याळ आलं. मग जमीन आली. मी खुर्ची पुढे ओढली.

"अनवाणी हाय," म्हस्कूआप्पा म्हणाले.

अब्बा अनवाणी कधीच बाहेर पडत नसत.

"चार हायत," आप्पा म्हणाले.

"काय चार?"

"पाय."

पाय काळे होते. मग कास आली, मग काळंभोर पोट. आप्पा हळू आवाजात "काय कास हाय!" म्हणाले. सगळ्यात शेवटी तोंड आलं. म्हैस कॅमेऱ्याकडे सरळ, शांतपणे बघत होती.

मामांनी कपाळाला हात लावला. "आठवलं. मेहमूदभाई म्हणलं, दूध ती घालती, म्हंजी सभासद ती. फोटो तिचा काढा. मला वाटलं गंमत करत्यात, म्हणून काढला. त्यांचा मागनं काढायचा तो राहूनच गेला बघा."

मी हसले. मग थोडा वेळ दाराबाहेर उभ्या असलेल्या सायकली मोजल्या. म्हैस विकून दोन वर्षं झाली होती, आणि तिचा चेहरा अम्मीला नक्की आठवत असणार.

परत पडद्याकडे वळले तेव्हा उजव्या कडेला काहीतरी दिसलं. म्हशीच्या मागे एक पांढरी चादर होती आणि तिचं टोक एका मुठीत होतं. मुठीपलीकडे फोटो संपत होता. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, काळं. दुधाच्या टेम्पोच्या फाळक्यात सापडलं होतं ते, मी आठवीत असताना.

"हा अब्बांचा हात आहे."

"त्यांचाच असणार," मामा म्हणाले. "भिंतीवर मिश्रीची जाहिरात व्हती, म्हणून मागं चादर लावली. एक टोक खिळ्याला, दुसरं मेहमूदभायनी धरलं. म्हणलं, माझा फोटो नगो, मी चादर धरतो. दोन दिस धरली की वो. चारशे बारा फोटो."

म्हणजे चारशे बारा वेळा ते फोटोच्या हातभर बाहेर उभे होते. आणि त्यांचं जे काही आत आलं असेल ते कडेलाच असणार, तीन वाजता छाटल्या जाणाऱ्या कडेला.

आम्ही दोनशे तेरा मागवला. मूठ होती. दोनशे पंधरामध्ये मूठ आणि मनगट. दोनशे सोळामध्ये कोपरापर्यंत आलो आणि म्हस्कूआप्पांनी टाळी वाजवली. साडेअकरा झाले होते. सगळे फोटो बघायला वीस तास लागले असते.

"वारं सुटल्यालं एखाद्या टायमाला," आप्पा म्हणाले. "चादर पडली असंल की कवा तरी."

तेवढ्यात सिंधूबाई आत आल्या. हातात दुधाची पावती होती. "चांगदेव, काल फॅट साडेसहा आन् आज सहा? रातीत म्हशीनं पाणी घातलं व्हय?" आप्पांचं वारा आणि चादर चालूच होतं, ते कानावर पडलं तसं त्यांचं फॅट तिथेच राहिलं. पावतीची घडी घालायला लागल्या. मामा त्यांच्याकडे बघत राहिले.

"सिंधूबाई, तुमच्याच टायमाला की!"

"माझं नाव काढू नगा." त्या माझ्याकडे वळल्या. "तीन अर्ज दिलेत ह्यांना, लेखी. पदर उडालाय, तोंड वाकडं झालंय, चादर डोक्यावर आलीया, आन् ह्यो बाबा म्हणतो रोल संपला, आता हाच ऱ्हाऊ द्या. आज पुसणार म्हणून मी मुद्दाम बघायला आले. पुसताना."

मी त्यांना सरळच सांगितलं. "मावशी, अम्मीला अब्बांचा चेहरा आठवत नाहीये. घरात एकही फोटो नाही. तुमच्या फोटोत ते असतील तर असतील."

त्या खाली बसल्या. पावतीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"लालबीला?"

"हो."

"सत्त्याऐंशी नंबर," त्या म्हणाल्या. "म्हस्कू, तू भाईर हो."

"मी काय केलं?"

"अजून न्हाई केलंस. गावभर करशील."

आप्पा बाहेर जाऊन खिडकीशी उभे राहिले. सिंधूबाईंनी खिडकी लावून घेतली.

सत्त्याऐंशीने पान्हा चोरला. जमीन आली, सिंधूबाईंच्या चपला आल्या, त्यांच्या उजवीकडे अब्बांच्या चपला आल्या आणि चित्र घोट्याशी थांबलं. बारा वाजले, एक वाजला. बंद करून पुन्हा सुरू करावं का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, मधीच सोडली तर ती परत उभी राहायची न्हाई. त्यांनी माउस उलटा करून बाजूला ठेवला, पंखा बंद केला आणि आम्हाला बोलायची मनाई केली. दीड वाजता खिडकीबाहेरून आवाज आला, "आली का वर?" त्यालाही गप्प केलं. अब्बांच्या चपलांकडे मी इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. डाव्या पायाची टाच बाहेरून झिजलेली होती.

सव्वादोनला पायजम्याचा काठ हलला. मग ते येत राहिले. गुडघे, सदरा, हवेत उडालेल्या चादरीला पकडायला गेलेला हात. मधोमध सिंधूबाईंचा पदर पुरीसारखा फुगलेला. मग दाढी आणि तोंड. तोंड पूर्ण उघडं होतं. अब्बा मोठ्याने हसत होते, मागचा पडलेला दात दिसेल इतके. नाक आलं, ते मोठं होतंच. मग डोळे, हसून बारीक झालेले, आणि कानावर घसरलेली टोपी.

मी नीट बघून घेतलं. मामांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

"बघा, मलाच हसत्यात," सिंधूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हसू द्या." आणखी थोड्या वेळाने पुढे वाकून, स्वतःकडे बघत, "तशी काय वाईट न्हाई दिसत मी. चांगदेव, मलाबी एक द्या. आन् ह्या पोरीच्यातनं मला कापायचं न्हाई. मी हाय म्हणून त्ये हायत."

सीडीवर उतरवायला अर्धा तास लागला. नव्या कंपनीचा माणूस बरोबर तीनला आला. मामांनी त्याला चहा दिला, मग दुसरा दिला, मग नाव-गाव, शिक्षण आणि लग्नाचं विचारलं, तोपर्यंत सीडी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी शिरूरच्या स्टुडिओतून फोटो मोठा करून आणला. अम्मीने तो हात लांब करून धरला, मग जवळ घेतला.

"ये कौन?"

"सिंधूबाई. अब्बा बाजूला आहेत."

तिने फोटो उजेडाकडे वळवला. म्हणाली, "जुम्मा था." मी विचारलं कशावरून. तिने अब्बांच्या दाढीवर बोट ठेवलं. एवढी नीट कातरलेली दाढी फक्त शुक्रवारी असायची. मग तिला त्या दिवसाचं जेवणही आठवलं. तिने मुद्दाम मटण केलं होतं, ते चारला आले, दोन घास खाल्ले आणि भूक नाही म्हणून उठले. काय झालं विचारलं तर कुछ नै म्हणाले. एवढं हसून आलेला माणूस घरी एक अक्षर बोलत नाही म्हणजे काय? ती फोटोलाच विचारत होती, आवाज चढवून, बोट नाचवत, जसं चाळीस वर्षं विचारायची तसं.

मग फोटो मांडीवर ठेवून माझ्याकडे वळली.

"उस बाई को बुला," म्हणाली. "पूरी बात उसी से पूछती मैं."