आठवीच्या वर्गातल्या चादरी

घरासमोरच्या मैदानात सरकारी हायस्कूल होणार म्हणून आखणीवाला खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून जेवायला गेला. सासूबाईंनी त्या आयत्या दोरीवर ओल्या चादरी वाळत घातल्या. परत आल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

"आजी, खुंटी उपटली की हो!"

"मग ठोक परत. असं बांधताय तरी काय इथे?"

"आठवीचा वर्ग."

सासूबाईंनी खुंट्यांपासून आमच्या दारापर्यंत नजर फिरवली. आत्ताचं हायस्कूल दोन बस बदलून जाण्याइतकं लांब, म्हणून माझ्या लेकीची शाळा सातवीनंतर बंद, हे त्यांनीच ठरवलं होतं. माझ्या रडण्याने त्या तसूभरही हलल्या नव्हत्या.

"इथून हाक मारली तर घरात ऐकू येईल?"

"तुमची हाक? पार स्टेशनापर्यंत जाईल."

"आणि सुरू कधी होणार?"

"पुढच्या वर्षी."

"म्हणजे आमची पोरगी आठवीत जाईल तेव्हाच की!"

चादरी ओढून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकल्या. "बघत काय उभी राहिलीस? खुंटी धर, तो ठोकतोय."

आभार मानले असते तर 'नाटकं पुरे' म्हणाल्या असत्या. म्हणून मी निमूट खाली बसले आणि खुंटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.